परक्या देशाविरुद्धचा दावा आणि माझा खुलासा

कोर्ट म्हटलं की लोकांना न्यायाधीश आठवतात, काळे कोट आठवतात. पण कुठल्याही दिवाणी दाव्याचं पहिलं पान न्यायाधीशांच्या आधी एक कारकून वाचतो. नोकरीतली बरीच वर्षं तो कारकून मी होते.

माझं घर बडनेऱ्याला. रोज सकाळी अकोल्याकडे जाणारी गाडी पकडायची आणि मधल्या एका तालुक्याच्या गावी उतरायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीतली माणसं अजून तिथं ये-जा करतात. माझे वडील कौंडण्यपूरच्या अलीकडे दुसऱ्याच्या वाडीत भाजीपाला करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. अमरावतीला मराठी घेऊन बी.ए. झाले आणि कोर्टात लागले, तेव्हा ‘वादी’ म्हणजे भांडखोर माणूस अशीच माझी समजूत होती. तायडे साहेब त्या वेळी माझे वरिष्ठ होते, पुढे अधीक्षक झाले. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं जुनं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “रोज डबा खाल्ला की एक कलम वाचायचं अन् मले समजावून सांगायचं. समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं.” दोन-अडीच वर्षं हा पाठ चालला. त्यांचे उपकार मी विसरले नाही. पुढचं वाचताना वाचकांनीही ते ध्यानात ठेवावे, म्हणून हे आधीच सांगते.

माझं काम बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल. दावा करणारा तो वादी, ज्याच्यावर केला तो प्रतिवादी. वादीचा वकील कागदांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवतो आणि मी तपासते: पानांना नंबर आहेत का, वादीची शपथेवर सही आहे का, कारण आमच्या हद्दीत घडलं का, मुदतीत आला का, प्रतिवादी जितके तितक्या प्रती आहेत का. काही राहिलं असेल तर त्याला आम्ही ‘त्रुटी’ म्हणतो आणि चिठ्ठीवर लिहून गठ्ठा परत देतो. सगळं असेल तर रजिस्टरात नोंद होते आणि दाव्याला नंबर पडतो. नंबर पडलेल्या दाव्याला कोर्ट उत्तर दिल्याशिवाय राहू शकत नाही. गरीब माणसाच्या हाती यापेक्षा मोठं काही मी पाहिलं नाही.

खिडकीवर तऱ्हा दिसायच्या. एकानं आपल्या पणजोबांना प्रतिवादी केलं होतं, कारण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव होतं. मी त्रुटी काढली, ‘प्रतिवादी हयात आहे काय?’ त्यानं खाली लिहून दिलं, ‘घरात कोणी स्पष्ट सांगत नाही.’ दुसरा एक जण सख्ख्या भावावर वाटणीचा दावा करायला त्याच भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. मी कागद तपासेपर्यंत दोघं व्हरांड्यात एकाच डब्यातून जेवले.

आणि खुर्चीची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. एका सरकारी खात्यानं कोर्टाचा हुकूम पाळला नाही, म्हणून आमचे बेलीफ सलीमभाई जप्तीचं वॉरंट घेऊन गेले आणि साहेब टेबलाशी उभे असताना त्यांची फिरती खुर्ची उचलून रिक्षात घालून घेऊन आले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या दिवशी गाडीत बसताना मला वाटलं होतं, वाडीतल्या माणसाची मुलगी अशा ठिकाणी काम करते की जिथून सरकारची खुर्चीसुद्धा उचलता येते.

त्याच फोटोमुळे दादाराव आमच्या कोर्टात आले.

दादाराव अचलपूरचे, फुलमळेवाले. झेंडू, शेवंती, निशिगंध. त्यांची मुलगी अश्विनी अकोल्याला शिकून नर्स झाली. एका परक्या देशाच्या आरोग्य खात्याला नर्सेस हव्या होत्या. त्या खात्याचे दोन अधिकारी आमच्या कोर्टाच्या गावातल्या मंगल कार्यालयात मुलाखतींना आले. अश्विनी मला नंतर सांगायची, “हॉलमंदी दुसऱ्या खुर्च्याच नव्हत्या मॅडम. ते दोघं नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर बसले होते. आमी पोरी एकेक करून समोर जात होतो.” तिथंच तिनं करारावर सही केली. सही इथं झाली म्हणून हद्द आमच्या कोर्टाची.

तिकडच्या सरकारी दवाखान्यात ती वर्षभर होती. मग वॉर्डातला एक रुग्ण दगावला. कोणा बड्या माणसाचा नातेवाईक होता. औषधाच्या वेळेची नोंद बदलून लिही, असं तिला सांगण्यात आलं. तिनं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या सुरक्षा पोलिसांनी तिला नेलं आणि सात महिने ठेवलं. आरोप सांगितला नाही, वकील दिला नाही. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती नीट सांधली नाहीत. नंतर एका सकाळी विमानात बसवून दिलं. एवढंच मी लिहिते. दाव्यात जे लिहिलं होतं ते सगळं मी वाचलं आहे, पण ते तिचं आहे, सांगायचं तर तिनं सांगावं.

परत आल्यावर तिला नोकरी मिळेना. बोटांचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा दुसरा होता. दवाखानेवाले विचारत, तिकडून का पाठवलं? गावात बायका म्हणत, सात महिने जेलात ठेवलं म्हणजे पोरीनं काहीतरी केलंच असेल. तिच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. तिला हवा होता तो कागदच. कोणत्याही न्यायाधीशानं साक्षीपुरावा ऐकावा आणि लिहावं की हिनं काही केलं नव्हतं आणि हिच्यावर अन्याय झाला.

वकील होते गावंडे. वाटण्या, धुरे म्हणजे शेताचे बांध, विहिरीच्या पाळ्या यांतले आमच्याकडचे जाणते वकील. माणूस सरळ. दादारावांनी त्यांना खुर्चीचा फोटो दाखवून विचारलं होतं, “इथल्या सायबाची खुर्ची उचलता येते, तं त्याइची काहून नाई?”

गावंडे वकिलांनी इमानदारीनं नेहमीचं केलं. आपल्या सरकारवर दावा करायचा तर कलम ऐंशीची नोटीस द्यावी लागते, दोन महिने थांबावं लागतं. शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं आहे. प्रतिवादीच्या रकान्यात ‘सरकार’ शब्द आला की नोटीस. त्यांनी त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला नोटीस पाठवली, एक प्रत कलेक्टर कचेरीलाही दिली, दोन महिने थांबले आणि दावा घेऊन खिडकीवर आले. अश्विनी आणि दादाराव मागे उभे होते.

मी तपासला. पानं बरोबर, शपथ बरोबर, मुदत बरोबर. अशा दाव्याला सुटकेपासून एक वर्षाची मुदत असते, सातवा महिना चालू होता. माझ्यापुढे छापील यादी असते. त्यात होतं, ‘सरकार प्रतिवादी असल्यास नोटीस.’ नोटीस होती, पोचपावती होती. मी बरोबरची खूण केली.

“मॅडम, आणखी काही लागते काय?” गावंडे वकिलांनी विचारलं.

“नाही. पूर्ण आहे,” मी म्हटलं.

दाव्याला नंबर पडला. दादारावांनी तो तंबाखूच्या पुडीवर लिहून घेतला आणि पुडी खिशात न ठेवता टोपीत ठेवली.

समन्स निघालं तेव्हा सलीमभाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, तीस साल झाले समन्स बजावून राहिलो. आतापावतो जो भेटला त्याले दरवाजा होता. हा तं पूर्ण देश हाय. याची सही कोन देईल?”

आम्ही हसलो. समन्स पोस्टानं दूतावासाला गेलं. तारखा पडत राहिल्या. अश्विनी प्रत्येक तारखेला अचलपूरहून दोन बस बदलून यायची, भिंतीला टेकून उभी राहायची. नऊ-दहा महिन्यांनी दिल्लीहून कोर्टाला पत्र आलं. त्यात कलम शहाऐंशीकडे लक्ष वेधलं होतं.

कलम शहाऐंशी. ऐंशीच्या पुढे फक्त सहा. तायडे साहेबांच्या पाठात मी तेही वाचलं होतं आणि ‘हे दिल्लीच्या लोकांचं’ म्हणून पान उलटलं होतं. ते असं सांगतं: केंद्र सरकारची लेखी संमती असल्याशिवाय परक्या देशावर भारतातल्या कोणत्याही दिवाणी कोर्टात दावा चालत नाही. संमतीसुद्धा ठरावीक कारणांसाठीच मिळते. त्या देशानं आपणहून कोर्ट पत्करलं असेल, किंवा या हद्दीत व्यापार करत असेल, अशी ती कारणं. विचार असा की सगळे देश बरोबरीचे, तेव्हा एकाच्या न्यायाधीशानं दुसऱ्याला पिंजऱ्यात उभं करू नये. केलं तर उद्या आपला देशही कुठल्या तरी कोर्टात उभा राहील. मला हे पटतं. पण मोडलेल्या बोटांची हकिकत वाचून मग हे कलम वाचलं की ते पटणं पूर्वीसारखं राहत नाही.

न्यायाधीश साहेबांनी गावंडे वकिलांना विचारलं, संमती आहे का. नव्हती. दावा नामंजूर झाला. पुरावा सोडाच, अश्विनीचं नावही साक्षीला पुकारलं गेलं नाही.

ती माझ्या खिडकीवर आली. “मॅडम, म्हणजे मी खोटी ठरली काय?”

“नाही. कोर्टानं ऐकलंच नाही.”

“गावात हा फरक कोणाले समजते?”

संमती काढून दावा पुन्हा करता येतो, हे तिला गावंडे वकिलांनी सांगितलं होतं. पण वर्षाची मुदत केव्हाच उलटून गेली होती. चुकीच्या वाटेवर गेलेला काळ कायदा सोडून देतो, मात्र ती वाट प्रामाणिकपणे धरली होती, काळजी घेऊन धरली होती, हे दाखवावं लागतं. सुरुवातीलाच मी त्रुटी काढली असती तर त्याच आठवड्यात दिल्लीला अर्ज गेला असता आणि अर्जाचा काळ मुदतीत धरलाच गेला नसता. माझ्या एका खुणेनं तिचं वर्ष खाल्लं होतं.

दाव्याच्या निकालाबरोबर माझ्या नावानं एक पत्र निघालं. संमतीपत्र नसताना दावा नोंदवून कसा घेतला, याचा सात दिवसांत खुलासा द्यावा.

तायडे साहेबांनी दार लोटून घेतलं. “बाई, तीन ओळी लिहा. नजरचुकीनं झालं, पुढे काळजी घेईन. बस.”

“साहेब, वकिलांनी मला विचारलं होतं. मी पूर्ण आहे म्हटलं.”

“ते कुठी लिहिलं आहे काय? नाही न? मंग तुमी काहून लिहिता? बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं. नजरचूक माणसाले माफ असते. पक्षकाराले चुकीचा सल्ला दिला असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं तं ते सेवापुस्तकात जाते.”

त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं, यात मला शंका नव्हती आणि आजही नाही. मी तीन ओळी लिहिल्या. सही केली. कागद वर गेला. संध्याकाळी गाडीत मी शेजारणीशी भाजीच्या भावावर बोलत बडनेऱ्याला आले. इतकं सोपं गेलं ते.

तीन दिवसांनी अश्विनी निकालाची नक्कल घ्यायला आली. नकलेच्या रजिस्टरवर पोचेची सही करावी लागते. तिनं पेन डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताची सही अजून बसलेली नव्हती, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत होती. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, “घ्या न ताई लवकर.” ती न थांबता, वर न पाहता, मला म्हणाली, “मॅडम, दाव्याच्या दिवशी तुमी पूर्ण आहे म्हटलं होतं न? का मले तसं ऐकू आलं?”

आवाजात राग नव्हता. सात महिने तिला सांगण्यात आलं होतं की तू पाहिलंस ते घडलं नाही. आता माझ्यामुळे ती स्वतःच्या कानांवर शंका घेत होती.

“म्हटलं होतं,” मी म्हणाले. “मीच म्हटलं होतं. चूक माझी होती.”

त्याच दिवशी मी पुरवणी खुलासा लिहिला. वकिलांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, वादी आणि तिचे वडील समोर उभे होते, आणि माझ्या उत्तरावर विसंबून त्यांनी पुढची तजवीज केली नाही. कलम शहाऐंशी मला माहीत असायला हवं होतं, हेही लिहिलं. तायडे साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी शिकवलेलं माह्यावरच उलटवलं तुमी,” ते म्हणाले. “समजलं नाही तर समजलं नाही म्हणायचं.” आणि त्यांनी तो आपल्या हातानं वर नेला.

ठपका बसला. बढतीची यादी निघाली, त्यात नाव नव्हतं. मी आहे त्याच पदावरून निवृत्त झाले. याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. त्या बढतीवर मी आईच्या डोळ्यांसमोर अधीक्षक होणार होते, आणि आई ते न पाहता गेली. पण त्या खुलाशाची नक्कल गावंडे वकिलांनी दिल्लीच्या अर्जाला जोडली.

संमती नाकारण्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, असं त्याच कलमात आहे. अश्विनीला बोलावणं आलं. बाप-लेक आणि गावंडे वकील बडनेऱ्याहून गाडीत बसले. मी डबा घेऊन स्टेशनवर गेले होते. परत आल्यावर अश्विनीनं सांगितलं, अधिकाऱ्यांनी मुदतीचं विचारलं, तेव्हा माझा खुलासा पुढे ठेवला आणि तो विषय तिथंच संपला. मग त्यांनी विचारलं, त्या देशानं तुमच्या कोर्टाच्या हद्दीत काय व्यापार केला? गावंडे वकील उभे राहिले. आयुष्यभर धुऱ्यांचे दावे चालवलेला माणूस. म्हणाले, “साहेब, आमच्या मंगल कार्यालयात येऊन माणसं नेणं हा व्यापार नसेल, तर मग काय होतं ते?” आणि अश्विनी तासभर बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला कोणी मध्येच थांबवलं नव्हतं.

संमती नाकारली गेली.

तो हुकूम आला तेव्हा मी निवृत्त झाले होते. दादारावांनी फोन केला, “ताई, येता काय? इंग्रजी कागद हाय, वकीलसायेब वाचून राहिले.” मी गेले. गावंडे वकिलांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. हुकूम लांब होता. मुलाखती घेणं म्हणजे व्यापार नव्हे, त्या देशानं आपल्यावर दावा न होण्याचा हक्क सोडलेला नाही, सबब संमती देता येत नाही. गावंडे वकील एकेक परिच्छेद मराठीत सांगत होते आणि त्यांचा आवाज खाली खाली जात होता. मधेच ते थांबले. मागचं पान पुन्हा उलटलं. सरकारनं त्या देशाच्या दूतावासाकडून माहिती मागवली होती, आणि दूतावासाचं उत्तर हुकुमात उतरवलेलं होतं. ‘सदर महिलेविरुद्ध आमच्या देशात कोणताही गुन्हा कधीही नोंदवलेला नव्हता.’

“पुन्हा वाचा,” अश्विनी म्हणाली. त्यांनी वाचलं. तिनं कागद घेतला, स्वतः वाचला. मग डावा हात त्या ओळीवर ठेवून बसली. रडली नाही. एवढ्या एका ओळीसाठी ती दोन वर्षं बस बदलत होती, आणि ती आली नकाराच्या कागदात, ज्यांनी तिला कोंडलं त्यांच्याच तोंडून.

हा कागद दाखवून अकोल्याच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं आहे. सुई धरता येत नाही, म्हणून ती नव्या मुलींना शिकवते. नकाराविरुद्ध नागपूरला हायकोर्टात याचिका केली आहे. तिचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि आशेनं काहीही बोलायची चूक मी आता करत नाही.

पण त्या दिवशीचं सांगून थांबते. ओळ वाचून झाल्यावर गावंडे वकिलांनी चहा मागवला. त्यांना हायसं वाटलं होतं, मलाही. दादाराव मात्र कागदाकडे बघत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

“म्हंजे पोरीवर गुन्हा नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता दादाराव. त्यांनीच लिहून दिलं.”

“मंग सात मयने ठेवली काहून?”

चहा आला. दाव्यांची पहिली पानं वाचण्यात माझी नोकरी गेली. दहा-दहा पानांचे, वीस-वीस पानांचे दावे, आणि प्रत्येकात मी काही ना काही त्रुटी काढली आहे. दादारावांच्या त्या एका वाक्यात मला काही काढता आलं नाही. फक्त ते कोणत्या खिडकीवर द्यायचं, हे मी त्यांना सांगू शकले नाही.